रोजची गोळी बंद असताना

३ मार्च, सोमवार

डाव्या हाताने लिहितोय, तेव्हा अक्षराबद्दल कुणी नाक मुरडू नये. उजव्या अंगठ्यावर एवढं मोठं बँडेज आहे की अंगठा आत आहे यावर विश्वास ठेवावा लागतो. मनाच्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं, "पुढचे काही दिवस कसं वाटतंय ते लिहीत जा. मला दाखवू नका, स्वतःसाठी लिहा." म्हणून हा उद्योग.

कहाणी थोडक्यात अशी. मी कटिंग मास्तर. कोटाच्या कॉलरला आतून जाड कापड लावतात, ते टाचताना सुई मोडली आणि टोक अंगठ्यात घुसलं. मी ते उपटून फेकलं आणि पुढच्या दोन कोटांच्या पाठी कापून संपवल्या. आता जंतू हाडापर्यंत गेलेत. हाडांच्या डॉक्टरांनी अंगठा उघडून साफ केला. पहिल्या इंजेक्शनने अंगभर पुरळ उठलं. तपासणीत कळलं की जंतू निगरगट्ट आहे, बाकीच्या औषधांना भीक घालत नाही. लिनेझोलिड नावाची गोळी तेवढी चालेल. ती लागू पडली तर अंगठा वाचेल, नाहीतर कापावा लागेल. कटिंग मास्तरचा उजवा अंगठा! मी ऐकून हसलो. रडू आलं की मी असाच हसतो.

मग डॉक्टरांनी विचारलं, दुसरं काही औषध चालू आहे का. मी कामावर कुणाला सांगत नाही, पण डॉक्टरांपासून लपवत नाही. म्हटलं, "सर्ट्रालिन, मनाच्या आजाराची गोळी. रोज सकाळी. मागे एका हिवाळ्यात मन फार खचलं होतं, त्यानंतर सुरू झालं." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि औषधवाल्या बाईंना बोलावलं. कुठल्या औषधाचं कुठल्या औषधाशी जमत नाही हे बघणं हेच त्यांचं काम.

बाईंनी छान समजावलं. रोजच्या गोळीने डोक्यात सेरोटोनिन नावाचं द्रव्य वाढतं. नवी गोळी जंतू मारते, पण त्या द्रव्याचा निचराही अडवते. "म्हणजे नळही चालू आणि मोरीलाही बोळा," त्या म्हणाल्या. "घरभर पाणी होणार." मग थरथर, घाम, जुलाब, जिवाची तगमग, ताप. वेळेत लक्षात आलं नाही तर माणूस दगावू शकतो. एरवी रोजची गोळी थांबवून मग काही दिवसांनी नवी देतात, पण हाडाला तेवढी सवड नाही. तेव्हा रोजची आजपासून बंद, नवी आजपासून चालू, आणि बाई फोन करून चौकशी करत राहणार.

ताई शेजारीच बसली होती. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. त्या हिवाळ्यात आली ती माझ्याकडेच राहिली. ती म्हणाली, "आणि ही बंद केल्यावर ह्याचं काय?"

"थोड्या दिवसांचा प्रश्न आहे," हाडांचे डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही ह्याला तेव्हा पाहिलेलं नाही."

मी तिची बाही ओढली. डॉक्टरांशी असं बोलतात का?

४ मार्च, मंगळवार

घरी आलो. औषधांचं कपाट ताईच्या ताब्यात. त्या हिवाळ्यापासून किल्ली तिच्याकडेच असते. ती सकाळी गोळी तळहातावर ठेवते, मी गिळतो, ती तोंड उघडायला लावून बघते. चाळिशी ओलांडलेला माणूस मी, रोज सकाळी आ करतो. आज पहिल्यांदा तळहातावर दुसरीच गोळी आली. रोजची पाकिटं फेकून दिली म्हणाली.

आज भीती वाटली, हे लिहून टाकतो. अंगठ्याची नाही. तो गेला तर दुसरं काहीतरी करीन. पण ते परत आलं तर? त्या हिवाळ्यात मी कितीतरी आठवडे उठलोच नव्हतो. कापड समोर असायचं आणि ते कापड आहे एवढंच कळायचं, त्याचं काय करायचं ते कळायचं नाही. बाकीचं लिहीत नाही.

उजवा हात उंच ठेवायला सांगितलंय. उशी भिंतीला टेकवून हात तिच्यावर ठेवला की ठणका कमी होतो, म्हणून दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलो. ताई चारपाच वेळा येऊन विचारून गेली, "बाळ्या, जागा आहेस ना?" शेवटी मी ओरडलो, "नाही, झोपलोय!"

६ मार्च, गुरुवार

बाईंनी बजावलं होतं की रोजची गोळी एकदम थांबली की दोनतीन दिवस चक्कर येते, डोक्यात झिणझिण्या येतात. काही नाही! ठणठणीत आहे. मी उगाच घाबरलो होतो.

ताईने कालपासून दूध सुरू केलंय. दुकानातून कसली तरी शक्तीची पावडर आणलीय म्हणे, हाड भरून येण्यासाठी. कडूजहर आहे. तळाशी पांढरा गाळ राहतो, तोही चमच्याने ढवळून प्यायला लावते, आणि पिऊन झालं की जीभ बधिर होते, थेट दातवाल्याकडे गेल्यासारखी. मी म्हटलं, "पावडर जुनी दिसतेय, दुकानदाराने टोपी घातली तुला." ती म्हणाली, "पी मुकाट्याने." नव्या गोळीने तोंडाची चव बिघडते असं बाई म्हणाल्याच होत्या, तेही असेल.

७ मार्च, शुक्रवार

औषधवाल्या बाईंचा फोन. "चक्कर?" नाही. "झिणझिण्या?" नाही. "काहीच नाही?"

"तुम्हाला वाईट वाटल्यासारखं विचारताय," मी म्हटलं. त्या हसल्या, पण जरा थांबून. मग म्हणाल्या, "मास्तर, रोजची गोळी खरंच बंद आहे ना?" मी म्हटलं, ताईने स्वतः फेकून दिली, माझ्यावर विश्वास नसेल तर तिला विचारा. ताई फोनवर म्हणाली, "हो, बंद आहे." मग भांडी घासायला गेली. सकाळीच घासून ठेवलेली भांडी तिने पुन्हा घासली. वयाने विसराळू होत चाललीय.

अंगठ्याची सूज उतरतेय. हे खरं महत्त्वाचं.

९ मार्च, रविवार

उत्साह फार. सकाळपासून तीनदा कपाट आवरलं. बसवत नाही. खुर्चीत बसलो की डावा पाय आपला आपण हलतो, दाबून धरावा लागतो. मालकांचा फोन आला, "मास्तर, घाई करू नका, माणूस बघतोय तात्पुरता." तात्पुरता! माझ्या टेबलावर! मी फोनवर काय काय बोललो ते आठवतंय आणि लाज वाटतेय. इतका मी कधी कुणावर चिडत नाही.

न्हाणीघरात गेलो की ताई बाहेरून गप्पा मारते. ही तिची जुनी सवय. भाजी काय आणू, शेजारणीचं मांजर व्यालं, काहीही. उत्तर दिलं नाही की दार ठोठावते. आतली कडी तिने त्या हिवाळ्यातच काढून टाकली, ती अजून बसवलेली नाही. आज मी आतून ओरडलो, "ताई, माणसाला दोन मिनिटं सुखाने बसू दे!" मग तिचा आवाज आला, अगदी बारीक: "बस. पण बोलत राहा."

१० मार्च, सोमवार

ताई म्हणते मी तेव्हासारखा दिसतोय. "तेव्हाही आधी असाच येरझाऱ्या घालायचास."

मला तेच वाटतंय. ते परत येतंय. रोजची गोळी नाही, कुंपण नाही, ते आत येणारच. पण मी कुणाला सांगणार नाही. सांगितलं तर नवी गोळी थांबवतील आणि अंगठा जाईल. अंगठ्यासाठी आठवडाभर कळ काढायची. मनाचं मन बघून घेईल.

आजपासून दूध संध्याकाळीही. स्वयंपाकघरातून खलबत्त्याचा आवाज येतो. पावडर घट्ट झालीय म्हणे, कुटावी लागते.

११ मार्च, मंगळवार

दोन सदरे घामाने भिजले. पोट बिघडलं. ताईला सांगितलं नाही, ती उगाच रडकुंडीला येईल. बाईंचा फोन आला. म्हटलं, झकास आहे. जबडा आपोआप आवळला जातोय, त्यामुळे "झकास" म्हणायला त्रास झाला. त्यांनी विचारलं, "थंडी वाजतेय का? असं का बोलताय?" म्हटलं, डाव्या हाताने जेवतोय. या उत्तराला काही अर्थ आहे का? फोन ठेवल्यावर लक्षात आलं.

आरशात बघितलं. डोळ्यातली बुबुळं सगळी काळी. खिडकीतला उजेड टोचतो. पडदा लावला तर ताईने येऊन उघडला, तेव्हाही तू पडदे लावायचास म्हणाली, माझे हात थरथरत होते, आणि ती पडद्याची कड धरून तिथेच उभी राहिली. तिला काय झालंय?

१२ मार्च, बुधवार

पाय उडतायत दोन्ही. अंग तापलंय. ताई दूध घेऊन आली आणि मी कप भिंतीवर मारला. का मारला? ती खाली बसून पुसत बसली आणि म्हणत होती जाऊ नको बाळ्या जाऊ नको. मी कुठे जातोय? मी घरात आहे. कुणीतरी दार वाजवतंय. छाती धडधड

१५ मार्च, शनिवार

हॉस्पिटलच्या खाटेवर आहे. काल पेन धरवत नव्हतं. आज धरवतंय, तेव्हा सगळं नीट लिहून ठेवतो, नाहीतर पुढे मी स्वतःलाच भलतं काहीतरी सांगत बसेन.

बुधवारी दारात औषधवाल्या बाई उभ्या होत्या. "झकास" ऐकून त्यांना राहवलं नाही. त्यांनी मला बघितलं आणि पहिल्यांदा रुग्णवाहिकेला फोन केला, नमस्कार मागाहून.

हॉस्पिटलात एका तरुण डॉक्टरांनी माझं पाऊल धरून झटकन वर दाबलं. पाऊल त्यांच्या हातात थडथड, थडथड उडायला लागलं, शिवणयंत्राच्या पायासारखं, आणि थांबेचना. मी बघत राहिलो. ते माझं पाऊल होतं आणि मी ते हलवत नव्हतो. बाई आणि डॉक्टर एकमेकांकडे बघून एकदमच म्हणाले, "दोन्ही चालू आहेत."

"शक्य नाही," मी म्हणालो. जबडा आवळलेला, तरी ओरडलो. "ताईने स्वतः फेकून दिली! तिच्यावर आळ घेता? माझं डोकं फिरलंय, ते परत आलंय, तेवढं बघा!"

बाई ताईकडे वळल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "रागावणार नाही कुणी. पण मला आत्ता खरं कळलं पाहिजे, म्हणजे ह्यांना वाचवता येईल. देताय का?"

ताई भिंतीला टेकली. "दुधातून," ती म्हणाली. "सकाळी एक. सोमवारपासून संध्याकाळीसुद्धा."

मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहितो, कारण ते विचित्र आहे. मला आनंद झाला. म्हणजे ते परत आलेलं नाही! पाणी साचलंय, एवढंच. मग राग आला, इतका की नर्सने खांदे दाबून धरले.

दोन्ही औषधं तिथल्या तिथे बंद झाली. सलाईन, अंग सैल करणारं इंजेक्शन, अंगावर ओले पंचे. ताप आणखी चढला असता तर हाताबाहेर गेलं असतं, असं डॉक्टर पडद्यापलीकडे कुणाला तरी सांगत होते. पडद्यातून सगळं ऐकू येतं हे डॉक्टर लोकांना कधी कळणार?

काल दुपारपासून थरथर ओसरली. आता फक्त थकवा आहे. हाडासाठी आता तिसरं औषध शिरेतून देतायत; पहिल्या तपासणीत ते नव्हतं, बाहेरून मागवून घेतलं. त्याचं रोजच्या गोळीशी भांडण नाही. तरी बाई म्हणाल्या, रोजची इतक्यात नाही, आधी अंग पूर्ण शांत होऊ दे.

१८ मार्च, मंगळवार

ताई रोज येते. मी तोंड फिरवतो. ती डबा ठेवून बाहेरच्या बाकावर बसते आणि भेटीची वेळ संपली की जाते. डबा मी खात नाही. बाजूच्या खाटेवरचे आजोबा खातात आणि वाहवा करतात, तेही मला खपत नाही.

माझ्या बहिणीने मला विष दिलं, हेच डोक्यात घोळतंय. विष नव्हतं हे कळतं. पण मला विचारलं नाही! रोज सकाळी मी विश्वासाने आ करत होतो आणि ती दुसरीकडे कुटत होती.

२१ मार्च, शुक्रवार

मनाच्या डॉक्टरीणबाई वॉर्डात येऊन गेल्या. पुढच्या आठवड्यात रोजची गोळी कमी ताकदीने सुरू करू म्हणाल्या. मी सगळा राग त्यांच्यापुढे ओतला. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्यांनी का दिली, हे विचारलंत?"

"का म्हणजे? मूर्खपणा!"

"विचारलंत का?"

नाही विचारलं.

२२ मार्च, शनिवार

विचारलं.

ताई बाकावरून उठून आली, खाटेच्या टोकाशी उभी राहिली. म्हणाली, "पहिल्या दिवशी नव्हती दिली. खरंच बंद केली होती. तू दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलास. तेव्हा असाच पडायचास. मी चारपाच वेळा येऊन बघितलं."

"अगं, हात उंच ठेवायचा होता! उशी भिंतीला लावली होती!"

"मला काय माहीत?"

"विचारायचंस!"

"तेव्हा विचारायचे, तर तू ठीक आहे म्हणायचास. रोज म्हणायचास. त्या दिवशीही ठीक आहे म्हणालास आणि मी बाजारातून आले तेव्हा..." ते वाक्य आम्ही दोघांनी आजवर कधी पुरं केलेलं नाही. मग एकदम मोठ्याने म्हणाली, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं, "अंगठा गेला असता तर गेला असता! मी तुला भरवलं असतं जन्मभर! तू जायला नको होतास!"

"अगं, तुझ्या त्या दुधानेच गेलो असतो मी," मी म्हणालो.

तिला हे कुणीतरी या आधीही सांगितलं असणार, पण तिचा चेहरा तेव्हा पडला. ती खाटेवर बसली. मी डबा उघडला आणि तिच्यासमोर खायला लागलो. चव कळत नव्हती, घास गिळत राहिलो. आजोबा हिरमुसले.

२९ मार्च, शनिवार

घरी. अंगठा राहिला. दुसऱ्यांदा उघडून साफ केला, आता वरचा सांधा वाकणार नाही म्हणतात. कात्रीचं भोक मोठं करून घेतलं तर जमेल. जुन्या चादरीवर खडूने बाही आखून कापून बघितली. कड फाटल्यासारखी आली. चादर वाया गेली, पण हात फार दुखला नाही.

रोजची गोळी सुरू झाली. यावेळी औषधवाल्या बाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून नियम घातले. कुठलंही औषध सुरू होवो वा बंद होवो, आधी त्यांना फोन. मी झकास म्हणालो तर काहीतरी बिघडलंय असं समजलं जाईल. आणि ताईला भीती वाटली तर तिने कपाट न उघडता फोन उचलायचा. ताईने मान डोलावली. घरी आल्यावर तिने कपाटाची किल्ली टेबलावर माझ्यासमोर ठेवली. मी म्हटलं, राहू दे तुझ्याकडे. ती म्हणाली, "नको. माझा माझ्यावर भरवसा नाही."

हे मला बरोबर वाटलं नाही. म्हणजे तिचं म्हणणं नव्हे. तिने ते ज्या आवाजात म्हटलं तो आवाज. तसा आवाज मी ओळखतो.

२ एप्रिल, बुधवार

मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे आज गेलो, ताईला घेऊन. माझ्यासाठी चल, सांगून नेलं. खरं तर वेळ तिच्या नावाने घेतली होती.

छोटी खोली, तीन खुर्च्या, खिडकीशी कुंडी. बाईंनी विचारलं, "कसं चाललंय?"

ताई सुरू झाली. "आता जेवतो बऱ्यापैकी. चिडचिड कमी आहे. काल कात्री धरली, मी बघत होते, हात थरथरला नाही. झोप बरी आहे, एकदाच उठला."

"त्यांचं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमचं विचारतेय."

"माझं?" ताई हसली. "मला काय धाड भरलीय?"

ताईने पर्सची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली. खाली बघतच म्हणाली,

"हा कामाला गेला की मी दाराशी उभी राहते. बसायला जमत नाही. जिन्यात पाऊल वाजलं की वाटतं, कुणीतरी सांगायला आलं. संध्याकाळी हा येतो तेव्हा मी आत पळते आणि गॅस पेटवते, म्हणजे ह्याला वाटावं की मी मजेत स्वयंपाक करत होते."

"रोज?" बाईंनी विचारलं.

"रोज."

त्या हिवाळ्यानंतर मी पुन्हा कामावर जायला लागलो, त्याला दीड वर्ष होऊन गेलं आहे.